रताळं आपलं, रंग वेगळा: सीमाभागातल्या घरासाठी अ जीवनसत्त्वाचा हिशेब

जांबोटीच्या बाजूला एका घरी दिवेलागणीला ओसरीवर बसले होते. घरची सून सातव्या महिन्याची गरोदर. पाण्याचा तांब्या तिच्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर होता आणि ती तो जमिनीवर चाचपत होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असली की अंधारी येतेच बघा. माझ्या वेळीपण आलती. बाळंत झाली की जाते." समोर अंगणात शेवग्याचं झाड होतं. त्याची तोडलेली फांदी शेळी निवांत ओरबाडत होती.

बेळगावात आहारसल्ल्याचं काम करताना ते अंगण मला पुन्हा पुन्हा आठवतं. त्या सुनेला हवं होतं ते शेळीच्या तोंडात जात होतं. आपल्या भागात अ जीवनसत्त्वाची, म्हणजे सगळे ज्याला व्हिटॅमिन ए म्हणतात त्याची, उणीव असते ती बहुतेक वेळा अंगण ते ताट या पंचवीस पावलांत. बाजारात ती नसते. ही पंचवीस पावलं कशी चालायची, ते इथे क्रमाने सांगते.

आधी संध्याकाळ बघा

कुठलीही भाजी आणण्याआधी घरातल्या माणसांकडे तिन्हीसांजेला नीट बघा. दिवसा धडधाकट खेळणारं पोर अंधारून आलं की एका जागी बसून राहतं का? उंबऱ्याला अडखळतं का? ताटातला घास हाताने शोधतं का? गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत संध्याकाळी कमी दिसतं का? हाच रातांधळेपणा. आपल्याकडच्या कन्नड शेजारणी त्याला 'इरुळुगुरुडु' म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात हा शब्द सांगितलात तरी काम होतं.

असं का होतं? डोळ्याच्या पडद्यात मंद उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते बनतं अ जीवनसत्त्वापासून. उजेड पडला की ते फुटतं, मग नवं बनवावं लागतं. कच्चा मालच कमी असेल तर दिवसभराच्या उजेडात फुटलेलं संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही. ही साखळी उलगडणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल मिळालं.

पुढची खूण दिवसा दिसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुधा कानाकडच्या बाजूला, साबणाचा फेस वाळावा तसा पांढुरका ठिपका येतो. त्याला बिटॉटचा ठिपका म्हणतात. डोळा कोरडा आणि निस्तेज दिसतो. यापुढे बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि लहान मुलात हे काही दिवसांत घडू शकतं. म्हणून ठिपका दिसला किंवा बुबुळ धुरकट वाटलं तर घरी गाजराचा रस पाजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे औषधाचा डोस लागतो, भाजी त्या वेगाने काम करत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्नं होतात. नात्यातल्या लग्नांमुळे डोळ्याच्या पडद्याचे आनुवंशिक आजार जास्त दिसतात आणि त्यांची सुरुवातही रातांधळेपणानेच होते. तरुण मुलाला रात्री दिसत नाही, घरात आणखी कोणाला तसं आहे आणि खाणंपिणं चांगलं आहे, अशा वेळी गोळ्या खात वर्ष घालवू नका. पडदा तपासून घ्या. मोतीबिंदू आणि मोठ्या उणे नंबरचा चष्मा ही कारणंही असतात.

आणि सासूबाईंचं म्हणणं? निम्मं खरं. बाळंतपणानंतर अंधारी बऱ्याचदा जाते. पण ती आली याचाच अर्थ आईचा साठा तळाला गेलेला आहे, आणि आता याच साठ्यातून बाळाला दूध जाणार आहे.

नुसत्या डोळ्यांपुरतं हे नाही. श्वासनलिका, आतडं आणि मूत्रमार्ग यांच्या आतलं ओलसर अस्तर धड ठेवायलाही हेच जीवनसत्त्व लागतं. अस्तर कोरडं पडलं की जुलाब, गोवर, छातीचे आजार जड जातात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात आल्फ्रेड सोमर यांनी हजारो मुलांचा अभ्यास केला. १९८६ साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षात अ जीवनसत्त्वाचे डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू साधारण एकतृतीयांशाने कमी होते. डोळ्यांसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या डोसांनी जीव वाचवले होते.

किती लागतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे दिवसाला पुरुषाला १००० मायक्रोग्रॅम, बाईला ८४०, गरोदर बाईला ९०० आणि अंगावर पाजणारीला ९५० लागतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला ३९०, चार ते सहाच्या मुलाला ५१०. हे रोजच्या रोज काट्यावर मोजायचं नाही. शरीर ते यकृतात साठवतं आणि चांगल्या खात्यापित्या मोठ्या माणसाचा साठा कित्येक महिने पुरतो. आठवड्याची सरासरी धरली तरी चालतं. लहान मुलाचा गल्ला मात्र छोटा, तो लवकर रिकामा होतो.

रंगाने फसू नका

अ जीवनसत्त्व दोन वाटांनी येतं. दूध, तूप, अंडं, मासे आणि कलेजी यांत ते तयार असतं, त्याला रेटिनॉल म्हणतात. भाज्याफळांत बीटा कॅरोटीन नावाचं पिवळं-नारिंगी द्रव्य असतं आणि शरीर त्याचं रेटिनॉल करतं. हा व्यवहार घाट्याचा आहे: अन्नातल्या सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनचं एक मायक्रोग्रॅम रेटिनॉल धरतात.

यावरून 'पिवळं, लाल दिसेल ते खा' असा सल्ला निघाला. तो अर्धवट आहे. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात एकदा सकाळी या सल्ल्याची पिशवी घेऊन फिरा. गाजर घ्या, बरोबर. शंभर ग्रॅम नारिंगी गाजरात अ जीवनसत्त्वाचा हिशेब साधारण आठशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जातो. लाल भोपळा, पिकलेला आंबा आणि पपईही बरोबर. पण बीटाचा लाल रंग निराळा आहे, त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही. हळदीचा पिवळाही नाही. कलिंगडाची लाली आणि टोमॅटोची बरीचशी लाली लायकोपीनची असते, तेही या कामाचं नाही. ब्याडगी मिरचीने रस्सा लालभडक होतो, पण त्या रंगातला मुख्य भाग कॅप्सॅन्थिनचा. अ जीवनसत्त्व त्याच्यापासून होत नाही.

उलट हिरव्या पाल्यात नारिंगी काहीच दिसत नाही, कारण हिरवा रंग त्याला झाकून टाकतो. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, मेथी, पालक, कोथिंबीर, आळूची पानं या सगळ्यांत कॅरोटीन भरपूर असतं. पान जितकं गडद तितकं जास्त, हा नियम पालेभाजीला बऱ्यापैकी लागू पडतो. कोबीच्या आतल्या पांढऱ्या पानांत जवळपास काही नसतं. बाजारात कन्नड बाई 'राजगिरी पल्ल्या' किंवा 'नुग्गे सोप्पु' असं ओरडत असेल तर थांबा. नुग्गे सोप्पु म्हणजे शेवग्याचा पाला. बऱ्याचदा पाच-दहा रुपयांत, आणि ओळख असेल तर फुकटही मिळतो. पावसाळ्यात खानापूरकडून टाकळा आणि कुर्डू येतात, ते हक्काने घ्या.

तेल: इथेच गाडी अडते

माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, "पालेभाजी रोज असते की." मग विचारते, कशी करता? उकडून, पाणी पिळून, वर तिखट-मीठ. वजन कमी करायचं म्हणून तेल बंद. तिथे मी कपाळाला हात लावते.

अ जीवनसत्त्व आणि कॅरोटीन दोन्ही तेला-तुपात विरघळतात. जेवणात स्निग्ध काहीच नसेल तर कॅरोटीनचा मोठा भाग आतड्यातून तसाच पुढे निघून जातो. फार लागत नाही: त्या जेवणात माणशी चमचाभर तेल, तूप किंवा शेंगदाण्याचा कूट असला तरी काम होतं. आपल्या भागात पालेभाजीत कूट घालायची पद्धत आहे, ती नुसती चवीची नाही. कच्चं गाजर चावून खाण्यापेक्षा किसून, थोडं शिजवून, तुपाची फोडणी दिलेली कोशिंबीर जास्त लागू पडते. कारण कॅरोटीन वनस्पतीच्या पेशीत कोंडलेलं असतं, किसल्या-शिजवल्याने ते मोकळं होतं.

आता तेल कुठलं? लाकडी घाण्याच्या शेंगतेलाची सध्या हौस आहे. तेल उत्तम, पण त्यात स्वतःचं अ जीवनसत्त्व नसतं. ते वाहून नेतं, घालत नाही. पाकीटबंद तेलावर आणि दुधावर निळ्या रंगात 'प्लस एफ' अशी खूण असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व वरून मिसळलेलं आहे. घाण्याचं वापरणाऱ्यांनी घाण्याचंच वापरावं, फक्त भाजीकडे जास्त लक्ष द्यावं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर त्यातलं मिसळलेलंही उडून जातं.

शेवग्याचा पाला, एकदा नीट करून बघा

ज्या घरात 'कडू लागतो, पोरं खात नाहीत' असं म्हणतात, त्या घरात मी हीच भाजी करून दाखवते. कोवळा पाला आणा. खालच्या जून, पिवळट डहाळ्या टाका. निवडायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, म्हणून एक युक्ती: डहाळ्या रात्री कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी फडकं झटकलं की निम्म्याहून जास्त पानं आपोआप गळून पडतात. देठं काढून टाका, चरचरीत लागतात ती तीच.

पानं दोन पाण्यांतून काढा. दोन मुठी मुगाची डाळ अर्धा तास आधी भिजत घाला. चार माणसांसाठी कढईत तीन-चार चमचे तेल तापवा, मोहरी, सात-आठ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. लसूण लालसर झाली की बारीक कांदा, मग निथळलेली डाळ आणि पाण्याचा हबका. झाकण ठेवून डाळ बोटाने दबेल इतपतच शिजवा. पाला शेवटी. मीठ घालून झाकणाखाली सहा-सात मिनिटं, बस्स. पाल्याचा रंग गडद हिरवा असतानाच गॅस बंद करायचा. काळपट होईपर्यंत उघड्यावर परतत बसलात तर कॅरोटीन हवेने आणि उष्णतेने कमी होतं, आणि कडवटपणा वाढतो. उतरवताना दोन चमचे कूट भुरभुरा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर वाढा. तरी पोरं तोंड फिरवतातच. मग हाच पाला बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात घाला. भोपळा न खाणारी पोरंसुद्धा गुळाच्या घाऱ्यांवर तुटून पडतात, तोच मार्ग.

उन्हाळ्यासाठी पाला वाळवायचा असेल तर सावलीत वाळवा. कडक उन्हात रंग उडतो आणि रंगाबरोबर कॅरोटीनही.

दूध, अंडं, कलेजी

गाईचं दूध पिवळसर आणि म्हशीचं पांढरंशुभ्र का? गाय चाऱ्यातलं थोडं कॅरोटीन तसंच दुधात सोडते. म्हैस जवळजवळ सगळ्याचं रेटिनॉल करून टाकते, आणि त्याला डोळ्याला दिसेल असा रंग नसतो. म्हणजे 'पांढरं दूध, त्यात काय असणार' हे म्हणणं चूक. पण जे असतं ते स्निग्धांशात असतं. घरची म्हैस, साय काढून तूप विकायला आणि पोरांना खालचं दूध, असा हिशेब असेल तर अ जीवनसत्त्वही तुपाबरोबर बाजारात गेलं.

एका अंड्यातून साधारण ८० मायक्रोग्रॅम मिळतं, सगळं बलकात. गावठी अंड्याचा नारिंगी बलक बघून जास्त पैसे द्यायचे असतील तर चवीसाठी द्या. तो रंग मुख्यतः ल्युटीनसारख्या द्रव्यांचा असतो, अ जीवनसत्त्वाचं माप म्हणून धरू नका.

कलेजी हा तर नुसता साठा आहे. पन्नास ग्रॅममध्ये कित्येक दिवसांची गरज भागते. पंधरवड्यातून एकदा रविवारच्या मटणाबरोबर चार तुकडे पुरे. गरोदर बाईने मात्र कलेजी टाळलेली बरी, कारण पुढे सांगते.

बाळंतिणीच्या पहिल्या दुधाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटून खातो, कन्नडघरचं गिण्ण चाटूनपुसून खातो. आणि आईचं पहिलं पिवळं दूध 'जड असतं' म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. ते पिवळं आहे ते कॅरोटीनमुळेच. बाळाच्या रिकाम्या साठ्यातली ती पहिली भर आहे.

मुलांचा डोस

आपल्या देशात हा कार्यक्रम १९७० पासून चालतो. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख युनिटचा पहिला डोस, म्हणजे एक मिलिलिटर औषध. त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस. पहिला बहुतेकांचा होतो, कारण तो लशीला बांधलेला असतो. गळती सुरू होते ती दीड वर्षानंतर.

तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकात आई-बाळाच्या तपासण्या आणि लशींच्या नोंदींसाठी मिळणारं कार्ड, काढून बघा. नोंदी कन्नडमध्ये असतात आणि मराठी घरात कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं. वाचता येत नसेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारून डोसच्या रकान्यावर पेन्सिलीने मराठीत तारखा लिहून घ्या. इतकं छोटं काम, पण माझ्या ओळखीतल्या घरांत त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. गावाला गेलात, खानापूरला एक आणि चंदगडला आजोळी दुसरा डोस असं होणार असेल तर कार्ड बरोबर ठेवा, नाहीतर एकाच महिन्यात दोनदा दिला जाईल. डोसनंतर एखाद्या मुलाला मळमळ, उलटी किंवा डोकेदुखी होते, ती दिवस-दोन दिवसांत जाते.

मुलाला गोवर आला तर डॉक्टरांना अ जीवनसत्त्वाबद्दल स्वतःहून विचारा. गोवरात लागोपाठ दोन दिवस वयानुसार डोस देतात. आदला डोस कधी झाला ते कार्ड दाखवून सांगा.

अंगणवाडीतलं दूध आणि गरोदर बायकांचं मातृपूर्ण योजनेतलं गरम जेवण हक्काचं आहे. 'आपलं घर काय भिकेला लागलंय' म्हणून न जाणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, सुनेला घेऊन जाते.

जास्त झालं तर

भाजीतल्या कॅरोटीनने विषबाधा होत नाही. गाजर-पपई फार झालं तर तळहात पिवळे दिसतात, इतकंच. कावीळ समजून घाबरलात तर डोळ्यांचा पांढरा भाग बघा. काविळीत तो पिवळा होतो, गाजराने होत नाही. गोळ्यांचं आणि कलेजीचं तसं नाही. तयार रेटिनॉल शरीर बाहेर टाकत नाही, साठवत राहतं. मोठ्या माणसाला रोज ३००० मायक्रोग्रॅमच्या वर ते जाऊ नये. त्याहून जास्त महिनोन्‌महिने घेतलं तर डोकेदुखी, केस गळणं, हाडं दुखणं आणि यकृताला इजा होते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत जादा रेटिनॉलने गर्भात व्यंग येऊ शकतं. मुरमांसाठी मिळणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी याच कुळातली. ती घेताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. मैत्रिणीने दिली म्हणून ही गोळी खाणाऱ्या मुली बेळगावात कमी नाहीत. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल घेऊ नयेत: फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला.

आता रताळं

उचगाव, बेकिनकेरेच्या बाजूची लाल माती आणि रताळ्याचे वाफे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. नवरात्रापासून मार्केट यार्डात पोतीच्या पोती येतात, परराज्यात जातात. आपण उपासाला उकडून खातो. पण आपलं बहुतेक रताळं बाहेरून गुलाबी-लाल आणि आतून पांढरं. त्यात कॅरोटीन नगण्य. साल बघून 'लाल रताळं डोळ्यांना चांगलं' म्हणणाऱ्यांनी एकदा विळीवर कापून बघावं.

आतून नारिंगी असलेलं रताळं ही वेगळी गोष्ट आहे. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचा 'भू सोना' वाण आहे, त्यात शंभर ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. बाराने भागा: साडेअकराशेच्या वर मायक्रोग्रॅम. एक मध्यम रताळं उकडून वर तूप घातलं की बाईची दिवसाची गरज भागली. चव आपल्या पांढऱ्यापेक्षा मऊ, थोडी पाणचट. खरं सांगायचं तर भाजून खायला मला पांढरंच आवडतं. पण खीर, पराठा आणि लहान मुलाची पेज यांना नारिंगीच जमतं.

लावायचं तर बी नको, वेल हवी. कृषी विज्ञान केंद्रात किंवा ज्याच्याकडे नारिंगी आहे त्याच्याकडून वेलीच्या शेंड्याचे वीतभराहून थोडे लांब तुकडे घ्या. मृग लागून जमीन भिजली की परसात सरी काढून मधले दोन-तीन डोळे मातीत दाबा, दोन्ही टोकं वर ठेवा. साडेतीन-चार महिन्यांत कंद येतात. मधल्या काळात कोवळी पानं खुडून भाजी करा, तीही याच कामाची. काढणी झाल्यावर सगळी वेल गुरांना टाकू नका. न्हाणीच्या सांडपाण्यावर चार तुकडे उन्हाळाभर जगवून ठेवा, पुढच्या मृगाला शेजारणीलाही देता येतील. जांबोटीच्या त्या घरी मी असेच सहा तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून नेऊन दिले. एक शेळीने खाल्ला, पाच लागले.